दोन मोठ्यानं, दोन मनात

७ सप्टेंबर १९९३, मंगळवार

नॅशव्हिलहून रेकॉर्ड कंपनीचं पत्र आलं. जुन्या करारानुसार ड्यूईच्या सगळ्या टेपा त्यांच्या मालकीच्या आहेत आणि १८ ऑक्टोबरला त्यांची गाडी त्या न्यायला येणार आहे. 'सहकार्याची अपेक्षा आहे' असं शेवटी लिहिलंय. करार मी काढून वाचला. त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

टेपा पुस्तकांच्या खोलीत, खालच्या कपाटात आहेत. एकेचाळीस डबे. प्रत्येकावर ड्यूईचं अक्षर, उजवीकडे कललेलं, घाईत असल्यासारखं. एका डब्यावर फक्त एवढंच आहे: 'झेल्मा. हात लावू नका.'

ड्यूईला जाऊन एकोणीस महिने झाले. माझा नवरा गायचा नाही आणि काही वाजवायचाही नाही. लोक विचारायचे, मग करतो काय? मी सांगायचे, गाणं करतो. कोण गाणार, कुठल्या वेगात गाणार, ड्रम कुठे थांबणार, हे तो ठरवायचा. आधी चर्चमधून आलेल्या काळ्या गायकांची गाणी केली, मग ती खपेनाशी झाली तेव्हा काउबॉय टोपी घालून कंट्री गाणाऱ्या गोऱ्या पोरांची. वाजवणारे तेच असायचे आणि खोलीही तीच, कापसाच्या गोदामातल्या स्टुडिओची. दुपारचं जेवण मी घरून पाठवायचे, तळलेली कोंबडी, घेवडा आणि मक्याची भाकरी. गावातल्या हॉटेलात त्या सगळ्या काळ्या-गोऱ्यांना एका टेबलावर बसू देत नसत.

तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांचे आवाज टेपेवर घेतले. त्याचा स्वतःचा आवाज घरात कुठेही नाही. फोनवरचे निरोप टिपून ठेवणारं यंत्र मुलीनं आणून दिलं होतं, ते त्यानं खोक्यातून काढलंच नाही.

१२ सप्टेंबर, रविवार

चर्चनंतर झेल्मा रॅगलंडकडे गेले. वसंतात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता ती कुजबुजल्यासारखं बोलते, ऐकायला जवळ बसावं लागतं. एके काळी ती गायला लागली की ड्यूईच्या टेपा घेणारा हॉयट यंत्राच्या सुया बघून घाबरायचा.

"या मिस लोरीन. बघा, बायबलमध्ये बायकांना सांगितलंय तशी आता मी गप्प झाले. पाद्रीबाबा खूश आहेत."

आम्ही एकाच वर्षी जन्मलो. किती वेळा सांगितलं, नुसतं लोरीन म्हण. ऐकत नाही. जुनी माणसं, गोऱ्या बाईला 'मिस' म्हणायची सवय जात नाही.

तिला पत्राबद्दल सांगितलं. तिनं १९७६ साली एक अख्खी रेकॉर्ड गायली होती, सगळी टोपीवाल्यांच्या धाटणीची गाणी. कंपनी म्हणाली, असं गाणारी काळी बाई विकायची कुणाला? रेकॉर्ड निघाली नाही. बाकीच्या टेपा पुन्हा वापरल्या गेल्या, पण एका गाण्याची ड्यूईनं जपून ठेवली. त्याच्या अंत्यविधीला मीच तिला सांगितलं होतं की तुझा डबा माझ्याकडे सुखरूप आहे.

"ती गाडीत चढायच्या आधी मला एकदा ऐकायचीय," ती म्हणाली. "नात विचारते, आजी, तू खरंच गायचीस? आता हा घसा घेऊन तिला काय सांगू?"

"ऐकवते. शब्द देते."

"हॉयटला सांगा, ट्रॅक एकेक करून लाव म्हणावं. सगळे एकदम नको."

असं का, ते विचारणार होते, तेवढ्यात रेडिओवर 'चावी पायरीखाली आहे' लागलं. टोपीवाल्या लेन बर्डेटचं, ड्यूईनं केलेलं सर्वांत मोठं गाणं. झेल्मानंही ते आधी गायलं होतं, पण चाललं ते लेनचं. मी म्हटलं, बंद करू का? ती हातानंच नको म्हणाली. उठून रेडिओपाशी गेली आणि दुसरं कडवं संपताना जाळीला कान लावून उभी राहिली. मग येऊन बसली.

मोठ्या मनाची बाई. मत्सर नावाला नाही.

१७ सप्टेंबर, शुक्रवार

हॉयटकडे गेले. ड्यूईच्या सगळ्या टेपा यानंच घेतल्या, काचेमागे बसून. स्टुडिओ विकला तेव्हा सोळा ट्रॅकचं, म्हणजे एकाच टेपेवर सोळा आवाज वेगवेगळे घेणारं, जुनं यंत्र यानं आपल्या शेडमध्ये आणून ठेवलं, ट्रॅक्टरशेजारी.

डब्यावरची अक्षरं बघून तो बराच वेळ टोपी काढून डोकं खाजवत बसला.

"राहू दे ना लोरीन. त्या काळच्या टेपा चिकट होतात. सांग तिला, खराब झाली म्हणून."

"न बघताच सांगू?"

"बघून तरी काय?"

"हॉयट, तू म्हातारा झालास की आळशी?"

"दोन्ही. एकमेकांना बरं पडतं."

त्यानं टेप चढवली. दोन वेढे फिरली आणि डुकराच्या पिल्लासारखी किंचाळली. त्यानं झटकन थांबवली. चिकटपणा घालवायला टेप मंद आचेवर सुकवतात म्हणे, तासन् तास. मग थोडे दिवस ती चालते. त्यासाठी यंत्र लागतं, ते नॅशव्हिलला कंपनीकडे आहे.

"किती आच?"

त्यानं सांगितली.

"एवढ्यावर मी पीच सुकवते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू खरंच करणार."

"मी शब्द दिलाय."

"शब्द तू दिलास," तो म्हणाला आणि तोंड आंबट करून टेप उतरवायला वाकला. त्याची पाठ दुखत असावी.

२२ सप्टेंबर, बुधवार

पीच सुकवायच्या यंत्राच्या जाळ्या घासून धुतल्या, मधले थर काढले आणि टेप आडवी ठेवली. दर तासाला उलटायची. स्वयंपाकघरभर गेल्या जुलैच्या पीचचा वास सुटला. ड्यूई असता तर म्हणाला असता, जेवायला काय आहे, झेल्मा?

शेजारी बसून विश्वकोश वाचला. मी शाळा आठवीत सोडली. विश्वकोशाचे सगळे खंड ड्यूईनं मला १९७६च्या हिवाळ्यात घेतले, त्याच वर्षी ही पुस्तकांची खोलीही बांधून दिली, तीन भिंतींना कपाटं. तेव्हा 'चावी' सगळीकडे वाजत होतं. त्या दिवसांत तो फार कमी बोलायचा. मी म्हटलं, एवढं यश मिळालं आणि तोंड का असं? म्हणाला, "तू वाच. कुणीतरी या घरात शहाणं व्हायला हवं."

पहिल्या खंडापासून वाचते आहे. सतरा वर्षांत तिसऱ्यांदा चुंबकाच्या पानावर आले, पण आज पहिल्यांदा नीट कळलं. टेपेवरचा आवाज म्हणजे लोखंडाच्या बारीक कणांची रांग. पुसलं म्हणजे कण जात नाहीत. ते तिथेच असतात, फक्त त्यांची रांग मोडते.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

घडलं तसं लिहिते.

सकाळी हॉयटच्या शेडमध्ये टेप चढवली. किंचाळली नाही. हॉयट म्हणाला, आधी गायकाचा ट्रॅक बघू. त्या एकाच ट्रॅकचा आवाज सोडणारी सरकपट्टी वर केली. सूं असा आवाज आला. मग कुणीतरी घसा साफ केला.

तो ड्यूई होता.

तो काचेमागे कधी बसायचा नाही. बुटांचा आवाज नको म्हणून नुसत्या मोज्यांवर गायकाशेजारी उभा राहायचा. टाचांना भोकं पडायची, मी रफू करायचे. त्यामुळे गायकाच्या माइकमध्ये तोही आला होता. मी खुर्चीची कड धरली.

मग एका पोराचा आवाज आला. लेन बर्डेटचा.

"मिस्टर ड्यूई, माझ्या हेडफोनात कुणी बाई गातेय."

आणि ड्यूई, अगदी जवळून, माझ्या खांद्यापाशी उभा असल्यासारखा: "तिचा ट्रॅक पुसला. पियानोच्या माइकांत थोडी राहिलीय, ती निघत नाही. तू दाबून गा. झाकली जाईल."

मग लेन गायला लागला. चावी पायरीखाली आहे, दार तुझंच आहे.

पहिलं कडवं संपता संपता हॉयटनं यंत्र थांबवलं. यंत्रात टेप जिथं घासून जाते तिथं तपकिरी भुकटी जमली होती. बोटानं पुसून त्यानं मला दाखवली. "टेप झडते आहे. अजून एक फेरी चालेल, फार तर. मग संपलं."

मी विचारलं, "हा डबा झेल्माचा ना?"

"झेल्माचाच. तिचं गाणं, तिच्याबरोबर वाजवलेलं. तिला गायकाच्या बंद काचेच्या खोलीत गायला आवडायचं नाही, चर्चमधून हाकलल्यासारखं वाटतं म्हणायची. मोठ्या पियानोच्या वळणाशी, त्याच्या माइकांजवळ उभी राहून गायली. कंपनीनं नाही म्हटलं. पण वाजवलेलं त्यांना आवडलं. लेनला पाठवला, सोमवारपर्यंत करून द्या म्हणाले. सोळा ट्रॅक भरलेले. एक रिकामा करायचा होता."

"बटण कुणी दाबलं?"

"मी. त्यानं सांगितलं आणि मी दाबलं. डब्यावर 'हात लावू नका' त्यानं नंतर लिहिलं. महिन्याभरानं."

घरी कशी आले आठवत नाही. एक गोष्ट मात्र लिहून ठेवते, कारण वहीत खोटं लिहायचं तर वही कशाला. त्याचा आवाज ऐकून मला आधी आनंद झाला. शब्द काय होते ते नंतर कळलं. कळल्यावरही आनंद लगेच गेला नाही.

३ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेले नाही. 'चावी'च्या पैशांनी बांधलेल्या या पुस्तकांच्या खोलीत बसले. या कपाटांचं लाकूड मला फार आवडतं. आज हात लावावासा वाटला नाही.

सोपा मार्ग हॉयटनं पहिल्याच दिवशी सांगितला होता. टेप खराब झाली म्हणायचं. मग जी एक फेरी उरली आहे ती मी एकटी ऐकेन. ड्यूईला बोलताना. त्याचं ते घसा साफ करणं. झेल्माला कधी कळणार नाही. हा विचार माझ्या मनात आला, आणि आला तसा गेलाही नाही. कॉफी होईपर्यंत होता, भांडी घासेपर्यंत होता.

५ ऑक्टोबर, मंगळवार

झेल्माकडे गेले. दारातच सांगून टाकलं, बसले असते तर धीर झाला नसता. ड्यूईनं तुझा आवाज पुसला. लेनचं गाणं ते तुझंच.

ती वाटाणे सोलत होती. सोलत राहिली.

"मिस लोरीन, मला सतरा वर्षांपासून ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"रेडिओनं. दळणाच्या गिरणीपाशी गाडीत बसले होते आणि माझाच पियानो वाजायला लागला. माझाच ड्रम. दुसरं कडवं संपलं की तो पोरगा श्वास घेतो बघा. तिथं मी आहे. अर्धी ओळ. कान लावला की येते." ती थांबून घोट पाणी प्याली. "एवढी वर्षं त्या अर्ध्या ओळीसाठी त्याचं अख्खं गाणं ऐकते. बेसूर नाही गात तसा."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"कुणाला? मिस्टर ड्यूईंना? त्यांना तर ठाऊकच होतं." तिनं टरफलं एप्रनमधून परातीत ओतली. "मला वाटायचं, तुम्हालाही ठाऊक असेल. तुमच्या पुस्तकांच्या खोलीत मी तीनदा येऊन बसले. तुम्ही मला लिंबूसरबत दिलंत. छान खोली आहे."

"मला ठाऊक नव्हतं, झेल्मा."

"नसेल." आणि मग, पुढची शेंग फोडत, "तुम्ही विचारलंही नसेल."

मी खाली सांडलेले दोन वाटाणे उचलून तिच्यापुढे ठेवले.

निघताना मी म्हटलं, एक फेरी उरली आहे. लेनचा ट्रॅक बंद केला तर पियानोतून तू ऐकू येशील, लांबून का होईना. तिनं हातातला वाटाणा खाली ठेवला.

"मला ठाऊक आहे. म्हणून तर म्हटलं होतं, एकेक करून लावा."

९ ऑक्टोबर, शनिवार

परवा टेप पुन्हा दिवसभर सुकवली. आज सकाळी झेल्माला गाडीत घेऊन हॉयटकडे गेले. तिनं चर्चची निळी टोपी घातली होती. हॉयट शेडच्या दारात उभा होता. त्यानं टोपी काढली आणि हातातच धरून ठेवली.

"झेल्मा, बटण मी—"

"ट्रॅक्टर बंद कर आधी," ती म्हणाली. "सतरा वर्षं थांबले, आता डिझेलचा वास घेत ऐकू?"

त्यानं ट्रॅक्टर बंद केला आणि मग हसला. हसताना नाक पुसलं.

सगळं त्यानं समजावून सांगितलं. ट्रॅक वेगवेगळे उतरवून घ्यायला दुसरं तसलं यंत्र इथं नाही. स्पीकरमधून जे निघेल तेच कॅसेटवर उतरेल, आणि एकदाच. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "लोरीन, गाणं सुरू व्हायच्या आधी ड्यूई बोलतो, तेवढा लेनचा ट्रॅक वर ठेवतो. पोरगा तोंड उघडेल तेव्हा खाली घेईन. दोघींचं होईल."

झेल्मानं ऐकलं होतं. "ठेवू दे," ती म्हणाली. "तुमचा माणूस आहे."

मी हो म्हणणार होते. हो हा शब्द तोंडात आला होता. मग विचारलं, "ड्यूई बोलतो तेव्हा पियानोच्या ट्रॅकवर काय आहे?"

हॉयट म्हणाला, "ती गायली त्या दिवशीचंच. गाण्याआधीची खोली. ती गुणगुणत असेल, कुणी खोकत असेल. ड्यूईच्या आवाजाखाली ऐकू येणार नाही."

"मग खाली घे. पहिल्यापासून."

"लोरीन, परत मिळणार नाही."

"माहीत आहे मला. पियानो तेवढा वर ठेव, बाकी काही नको."

त्यानं लेनची सरकपट्टी तळापर्यंत ओढली. मी बघत होते. बोटभर प्लास्टिक, तेवढंच ते.

टेप फिरू लागली. आधी नुसती मोठी खोली ऐकू आली, गोदामाची. खुर्ची सरकली. मग कुणीतरी गुणगुणलं, सूर शोधत, आणि मध्येच हसलं. झेल्मानं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. तिचं हसू होतं ते, शेजारच्या घरातून आल्यासारखं.

मग लांबून, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाकडून, मोज्यांवर उभा असलेला एक माणूस म्हणाला,

"एक. दोन."

ड्यूई नेहमी दोनच मोजायचा. दोन मोठ्यानं, दोन मनात. म्हणायचा, शेवटचे दोन ज्याला आपले आपण मोजता येत नाहीत त्यानं माझ्या खोलीत येऊ नये. मी मनात तीन म्हटलं. चार म्हटलं.

आणि झेल्मा गायला लागली.

कशी गायली ते मला लिहिता येणार नाही. पियानो पुढे होता, ती मागे, आणि तरी ती पुढे होती. तिसऱ्या कडव्यात टेपेवरून भुकटी धुरासारखी उडताना दिसू लागली, तेव्हा हॉयट यंत्रापाशी गुडघ्यांवर बसला, हात जोडल्यासारखे धरून, पण काही केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतं. शेवटची ओळ आली. पोचली. टेप सुटून चाक मोकळं फिरू लागलं.

कुणी उठलं नाही. मी उभी होते हे मला तेव्हा कळलं, सगळा वेळ उभीच होते.

"बस ना लोरीन," झेल्मा म्हणाली. "पाय दुखतील तुझे."

"हो, मिस झेल्मा," मी म्हटलं आणि तिच्याशेजारी बसले.

हॉयटनं कॅसेट काढून तिच्या हातात दिली. त्याला काही म्हणायचं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, पण मदतीला धावली नाही. शेवटी तो म्हणाला, "मी तेव्हा बोलायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

कॅसेट तिनं पर्समध्ये ठेवली नाही. घरापर्यंत हातात धरून बसली.

१८ ऑक्टोबर, सोमवार

कंपनीची गाडी दहा वाजता आली. माणूस सभ्य होता, टाय लावलेला, घाईत. इंजिन चालूच ठेवून आत आला. एकेचाळीस डबे टेबलावर लावून ठेवले होते. तो यादी बघून एकेकावर खूण करत गेला.

झेल्माच्या डब्यापाशी थांबला. ड्यूईच्या अक्षराखाली मी काल शाईनं लिहिलं होतं. माझं अक्षर ड्यूईसारखं नाही. सरळ आहे, सावकाश काढलेलं. 'हे गाणं मिस झेल्मा रॅगलंड यांचं आहे. त्यांचा आवाज माझ्या नवऱ्यानं पुसला. आता टेप चालणार नाही. लेन बर्डेटच्या रेकॉर्डवर, दुसरं कडवं संपताना, कान देऊन ऐका.' खाली माझी सही आणि तारीख.

त्यानं ते दोनदा वाचलं. "हे… हे आमच्या कागदांत कुठे नाही. ही मिस झेल्मा रॅगलंड कोण?"

मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली, पुस्तकांच्या कपाटासमोर.

"जा, गाडी बंद करून या," मी म्हटलं. "सांगायला वेळ लागेल."